आधी पहिला डाव मांडता यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिकाखेळांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. या खेळांना वृत्तपत्राने पानभर जागा दिली याचा आनंद आहेच. परंतु लेखाच्या शेवटी नव्या प्रकाशकांना जो सल्ला दिला आहे, तो मला चुकीचा वाटतो. मोठा, देखणा, पुठ्ठा बांधणीचा मूळ ग्रंथ आधी काढावा, त्यामागोमाग दर दोन-तीन महिन्यांनी एक पूरक पुस्तक आणावे आणि आपले नियम व आपले काल्पनिक विश्व दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून सर्व हक्क घट्ट धरून ठेवावेत, असा तो सल्ला आहे. या तिन्ही गोष्टी या व्यवसायात पूर्वी करून झालेल्या आहेत, त्यांचे परिणामही सर्वांसमोर आहेत, आणि त्यांतील पहिली चूक मी स्वतः केलेली आहे. म्हणून पत्र लांबले तरी ते छापावे, अशी विनंती आहे.

ज्या वाचकांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार असतो, ज्याला सर्वत्र गेम मास्टर म्हणतात. तो प्रसंग उभा करतो, राजे, राक्षस, पहारेकरी आणि वाटसरू यांच्या तोंडून बोलतो आणि नियमांचा निवाडा करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्या प्रसंगात काय करायचे ते ठरवतात, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासे टाकले जातात. डाव तीन-चार तास चालतो आणि तीच मंडळी पुढच्या आठवड्यात त्याच कथेचा पुढचा भाग खेळायला जमतात. अशी मोहीम कधी चार महिने चालते, कधी दहा वर्षे. प्रकाशकाच्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट अशी की पुस्तक बहुधा एकटा सूत्रधार विकत घेतो आणि त्याच्या जिवावर बाकीचे खेळतात. तोच ते वाचतो, समजून घेतो, मित्रांना गोळा करतो, वेळ जुळवतो, नियम समजावतो, आणि पहिल्या डावात रंग भरला नाही तर अपयशही त्याच्याच माथी येते. विकत घेतलेली कादंबरी कपाटात पडून राहिली तरी प्रकाशकाचे फारसे बिघडत नाही. भूमिकाखेळाची न खेळलेली प्रत मात्र त्याला महागात पडते, कारण त्या प्रतीमुळे जे चार जण खेळायला बसले असते ते या खेळाकडे वळतच नाहीत, आणि उद्याचा सूत्रधार बहुतेक वेळा आजच्या खेळाडूंमधूनच तयार होत असतो.

आमची चूक नेमकी हीच होती. आम्ही तिघा मित्रांनी सहा वर्षे खेळत खेळत घडवलेला एक कल्पनारम्य खेळ पुस्तकरूपाने काढायचे ठरवले, तेव्हा आमच्यापाशी नकाशे होते, पाच राजघराण्यांच्या वंशावळी होत्या, दोन हजार वर्षांचा इतिहास होता आणि जादूचे १४० मंत्र होते. ते सगळे आम्ही २८८ पानांत बसवले. सोळा पानांचा एक असे अठरा फॉर्म काठोकाठ भरले याचाही आम्हाला तेव्हा अभिमान वाटला होता. ५०० प्रती छापल्या, पुठ्ठा बांधणी केली, आत रंगीत चित्रे घातली. चारशेच्या आसपास प्रती पहिल्या काही महिन्यांतच गेल्या आणि आम्ही उत्साहाने पुढच्या ग्रंथाच्या तयारीला लागलो. दीड वर्षाने एका वाचकाचे पत्र आले. त्याने ग्रंथाचे तोंड भरून कौतुक केले होते आणि शेवटी एकच प्रश्न विचारला होता : ‘‘शनिवारी संध्याकाळी मित्र येणार आहेत. ते येऊन बसल्यावर मी पहिले वाक्य काय बोलू?’’ आमच्या २८८ पानांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यानंतर ज्यांचा पत्ता आमच्याकडे होता अशा साठ-सत्तर ग्राहकांना आम्ही पत्रे घालून विचारले. खेळ एकदा तरी मांडला आहे असे सांगणारे अकरा जण निघाले. पुढच्या ग्रंथाचे काम आम्ही त्या दिवशी थांबवले.

या व्यवसायाचा आरंभ पाहिला तरी हीच अडचण अगदी सुरुवातीपासून दिसते. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा येथे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ टीएसआर या नवख्या कंपनीने काढला, तेव्हा पहिल्या खेपेला १००० संच तयार केले होते. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर. या पुस्तिका युद्धखेळांत मुरलेल्या लोकांसाठी लिहिलेल्या होत्या आणि ज्याला कोणी शिकवणारा भेटला नाही त्याला त्यांतून डाव उभा करणे फार जड जात असे. टीएसआरने त्यावर काढलेला उपाय मला आजही अनुकरणीय वाटतो. १९७७ साली जे. एरिक होम्स यांनी संपादित केलेला ‘बेसिक सेट’ निघाला, ज्यात पात्रे अनुभवाने ज्या पातळ्या चढत जातात त्यांतल्या फक्त पहिल्या तीन पातळ्यांचे नियम होते आणि फासेही खोक्यातच होते. पुढे १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनीने संच अडवून ठेवले नाहीत. फाशांऐवजी अंक छापलेले कागदी चौकोन खोक्यात घातले, जे कापून एखाद्या पेल्यात टाकायचे आणि न बघता एकेक उचलायचे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण खोके उघडणाऱ्याला त्याच संध्याकाळी खेळता आले पाहिजे हे त्या कागदी चौकोनांमागचे साधे धोरण होते. १९८१ च्या सुधारित बेसिक संचातील नियमपुस्तिका ६४ पानांची होती. १९८३ च्या लाल खोक्यात तर खेळाडूची पुस्तिका उघडताच एकट्याने वाचत वाचत खेळायचे एक छोटे साहस समोर येई आणि ते संपेपर्यंत निम्मे नियम नकळत हाती लागत.

त्याच काळात, म्हणजे १९७७ ते १९७९ मध्ये, ‘ॲडव्हान्स्ड’ नावाने तीन जाडजूड पुठ्ठा बांधणीचे ग्रंथही निघाले, हे खरे आहे. जाड ग्रंथ काढूच नये असे माझे म्हणणे नाही. जो वर्षभर खेळला आहे त्याला तो हवाच असतो आणि तो आवडीने विकतही घेतो. माझा आक्षेप क्रमाला आहे. नव्या प्रकाशकाने आधी जाड ग्रंथ काढला तर पैसा, वर्ष-दोन वर्षांचा वेळ आणि उमेद त्यातच संपते, आणि नवख्याला आत आणणारी पुस्तिका कायमची ‘पुढच्या वर्षी’ राहते. आमचीही तशीच मागे पडली होती.

जपानमधील उदाहरण मला याहून बोलके वाटते. तेथे १९८६ पासून ‘कॉम्प्टिक’ या मासिकातून एका कल्पनारम्य मोहिमेचा वृत्तांत क्रमशः छापला जाऊ लागला : सूत्रधार काय म्हणाला, खेळाडूंनी काय ठरवले, फासा किती पडला, कोण हसले, हे सगळे नाटकाच्या संहितेसारखे संवादांतून मांडलेले. या प्रकाराला तेथे ‘रीप्ले’ म्हणतात. हजारो वाचकांनी एकही फासा हाती न धरता असा डाव कसा चालतो हे त्यातून पाहिले. पुढे १९८९ साली ग्रुप एसएनई या मंडळींचा ‘सोर्ड वर्ल्ड’ हा भूमिकाखेळ निघाला तो खिशात मावणाऱ्या स्वस्त कागदी बांधणीत, कादंबऱ्यांच्याच आकारात. आणि त्याला लागत होते ते फक्त नेहमीचे सहा बाजूंचे फासे. चार, आठ, बारा किंवा वीस बाजूंचे खास फासे आणण्याची गरजच ठेवली नव्हती. वाचायला गोडी लागेल असा वृत्तांत आधी, खिशाला झेपेल असे नियमपुस्तक नंतर, आणि साहित्य म्हणाल तर घरात आधीपासून असलेले : नव्या भाषेत किंवा नव्या समाजात हा खेळ रुजवू पाहणाऱ्याने यापेक्षा चांगला धडा कुठे शोधावा, असे मला वाटते. अलीकडे २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’सारख्या कार्यक्रमांनी व्हिडिओतून हेच काम केले आणि कितीतरी लोक खेळताना पाहून खेळायला लागले.

पुस्तकाच्या मांडणीचा विषय लेखात एका ओळीत आटोपला आहे, म्हणून त्याबद्दल एक प्रसंग सांगतो. आमच्या खेळाचा डाव आयुष्यात पहिल्यांदाच चालवणाऱ्या एका मुलीशेजारी मी वही घेऊन बसलो होतो. मध्ये बोलायचे नाही असे मी ठरवले होते. प्रसंग साधा होता : पडक्या बुरुजात तीन लुटारू, आणि त्यांतला एक पात्राला मागून मिठी मारून धरून ठेवतो. लुटारूंचे वर्णन पान १४ वर होते, त्यांचे आकडे पान २११ वर, धरून ठेवण्याचा नियम पान ९६ वर, आणि त्या नियमात ‘बळाची तुलना, पाहा पान ३२’ असे लिहिलेले होते. तिने चारही ठिकाणी बोटे घातली. पाचव्यांदा पान उलटताना एक बोट सुटले आणि ती पुन्हा अनुक्रमणिकेकडे वळली. घड्याळात नऊ मिनिटे गेली होती. समोरच्या चौघांपैकी एक जण मोबाइल पाहत होता, आणि ज्याच्या पात्राला धरले होते तो सोडवणुकीसाठी काय करायचे ठरवले होते तेच विसरला होता. त्या मुलीने मान वर करून सगळ्यांची माफी मागितली. माफी खरे तर आम्ही मागायला हवी होती. त्यानंतर आम्ही एक नियम घालून घेतला : साहसातील एक प्रसंग समोरासमोरच्या दोन पानांत संपला पाहिजे, नकाशा डावीकडे, माणसे आणि त्यांचे आकडे उजवीकडे, आणि त्या प्रसंगात लागणारा अडचणीचा नियम त्याच पानाच्या तळाशी पुन्हा छापलेला. यात पाने वाढतात, तोच मजकूर तीन-तीनदा छापावा लागतो आणि मुद्रितशोधकाला ते आवडत नाही. पण डाव अडत नाही. लेखनाची परीक्षाही अशीच घ्यावी लागते. लेखक स्वतः डाव चालवतो तेव्हा पुस्तकातल्या उणिवा तो तोंडाने भरून काढतो आणि त्या त्याला दिसतही नाहीत. म्हणून हस्तलिखित अनोळखी माणसाच्या हाती द्यावे, आपण गप्प बसावे आणि पाने उलटल्याच्या नोंदी कराव्यात.

आता पूरक पुस्तकांबद्दल. लेखकमहोदयांचे म्हणणे असे की नवे पुस्तक सतत येत राहिले तरच खेळ जिवंत दिसतो. टीएसआरने हे फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. १९८७ साली ‘फरगॉटन रेल्म्स’, १९८९ मध्ये ‘स्पेलजॅमर’, १९९० मध्ये ‘रेव्हनलॉफ्ट’, १९९१ मध्ये ‘डार्क सन’, १९९२ मध्ये ‘अल-कादिम’, १९९४ मध्ये ‘प्लेनस्केप’, १९९५ मध्ये ‘बर्थराइट’, अशी एकामागून एक विश्वे आली आणि प्रत्येकाची स्वतंत्र पुस्तके, नकाशे व खोकी निघू लागली. कल्पकता म्हणाल तर त्यांतील काही विश्वे आजही थक्क करतात. मात्र खेळणारी मंडळी तीच होती आणि ती वाटली गेली. वाळवंटातल्या ‘डार्क सन’मध्ये रमलेल्या सूत्रधाराला ‘रेव्हनलॉफ्ट’च्या धुक्यातले पुस्तक घेण्याचे कारणच नव्हते. लेखन, चित्रे आणि संपादन यांचा खर्च प्रत्येक पुस्तकामागे जवळपास तेवढाच राहिला आणि गिऱ्हाईक मात्र सात वाटांनी पांगले. त्यात पुस्तकांच्या दुकानांकडे जाणारा माल रँडम हाउस या मोठ्या पुस्तक कंपनीमार्फत जात असे. माल पोहोचवला की टीएसआरला पैसे मिळत आणि न खपलेला माल पुढे परत येई. त्यामुळे छापलेले पुस्तक म्हणजे खपलेले पुस्तक, असा भास कंपनीला बरीच वर्षे होत राहिला. परतीचा माल मोठ्या प्रमाणावर येऊ लागला तेव्हा छपाईचे देणे भागवणेही अशक्य झाले, आणि १९९७ साली ही कंपनी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ (पुढे नुसते विझार्ड्स) या दुसऱ्या खेळ-कंपनीने विकत घेतली. ज्या कंपनीने हा व्यवसाय जन्माला घातला तिचा शेवट खेळ कंटाळवाणा झाल्यामुळे झाला नाही, हे नव्या प्रकाशकांनी नीट लक्षात घ्यावे.

यावर असा प्रतिवाद होऊ शकतो की पायझो ही कंपनी २००७ पासून दरमहा पुस्तक काढत आली आणि तरीही ती टिकली. हा मुद्दा खरा आहे आणि विचार करण्यासारखा आहे. पण पायझोचे ते मासिक पुस्तक साहसाचे होते. सहा भागांत एक मोहीम पूर्ण होई. साहस खेळून संपते, म्हणून सूत्रधाराला पुढचे लागतेच. नियम मात्र संपत नाहीत, ते साचत जातात. नव्या पात्रप्रकारांचे आणि नव्या मंत्रांचे प्रत्येक पुस्तक आधीच्या सर्व पुस्तकांशी जुळते की नाही हे तपासावे लागते, आणि चौथ्या-पाचव्या पुस्तकानंतर नवखा खेळाडू ‘नेमके कुठून सुरू करू’ असे विचारून परत फिरतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००८ मधील चौथ्या आवृत्तीत ‘प्लेयर्स हँडबुक’ या खेळाडूंच्या मूळ नियमग्रंथाचा दुसरा भाग २००९ मध्ये आणि तिसरा २०१० मध्ये आला, आणि २०१० मध्येच नवख्यांसाठी सुटसुटीत ‘इसेन्शियल्स’ मालिका वेगळी काढावी लागली. याउलट पाचव्या आवृत्तीने २०१४ साली मूलभूत नियम पीडीएफमधून फुकट दिले, स्वस्त ‘स्टार्टर सेट’ मोठ्या ग्रंथांच्या आधी बाजारात आणला, त्याआधी दोन वर्षे सर्वांसाठी खुली चाचणी घेतली, आणि नंतरची तीन वर्षे मुख्यतः साहसांची मोजकीच पुस्तके काढली. खेळाडूंसाठी नव्या पर्यायांचे पहिले मोठे पुस्तक थेट २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आले. या संथपणावर तेव्हा टीका झाली होती. त्या काळात हा खेळ पूर्वी कधी नव्हता इतका पसरला.

हक्कांविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण इथे लेखातील सल्ला नुसता निरुपयोगी नाही, तो नव्या खेळाच्या मुळावर येणारा आहे. एक तर खेळाची पद्धत, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात कौशल्याचा आकडा मिळवायचा यासारखी गोष्ट, अमेरिकी कॉपीराइट कायद्याने संरक्षित होतच नाही. संरक्षण मिळते ते शब्दांना, चित्रांना आणि मांडणीला. त्यामुळे घट्ट धरून ठेवण्यासारखे हाती मुळात थोडेच असते. दुसरे म्हणजे २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर विझार्ड्सने रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने ‘ओपन गेमिंग लायसन्स’ हा आपल्या नियमांवर इतरांना पुस्तके काढू देणारा खुला परवाना दिला, त्यामागचा हिशेब अगदी व्यवहारी होता. साहस लिहायला कष्ट पुष्कळ आणि खप थोडा, कारण ते फक्त सूत्रधार घेतो. मग ते काम लहान प्रकाशकांना करू द्यावे, त्यांचे प्रत्येक साहस खेळायला आपले मूळ पुस्तक लागेलच. शेकडो लहान प्रकाशकांनी त्यावर पुस्तके काढली.

पुढे कंपनीला हा हात आखडता घ्यावासा वाटला आणि त्याचे दोन्ही वेळचे परिणाम शिकण्यासारखे आहेत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीला तिने वेगळा, कडक अटींचा परवाना लावला. २००७ पर्यंत कंपनीचीच अधिकृत मासिके चालवणारी पायझो तेव्हा जुन्या खुल्या परवान्यावरच राहिली आणि तिने ऑगस्ट २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा ५७६ पानांचा ग्रंथ काढला. ज्यांना जुने नियम प्रिय होते ते खेळाडू तिकडे गेले. म्हणजे परवाना आवळून स्पर्धक रोखता आला नाही, उलट तो तयार झाला. दुसरा प्रसंग जानेवारी २०२३ चा. नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. त्यात जुना परवाना यापुढे ग्राह्य नसल्याचे आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या प्रकाशकांनी वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी द्यावी असे कलम होते. जुन्या परवान्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द होता, ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द नव्हता. त्या एका नसलेल्या शब्दावर कितीतरी लहान प्रकाशकांची वीस वर्षांची मेहनत टांगणीला लागली. खेळाडूंनी आणि प्रकाशकांनी एवढा विरोध केला की २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने माघार घेऊन पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, मागे न घेता येणाऱ्या परवान्याखाली खुला केला. तोवर पायझोने इतरांना सोबत घेऊन स्वतंत्र ‘ऑर्क’ परवान्याची घोषणाही केलेली होती. परवाना देणे सोपे असते. दिलेला शब्द आपल्यालाही मोडता येणार नाही असा लिहून देणे कठीण असते, आणि दुसरा प्रकाशक स्वतःची दोन वर्षे आपल्या खेळासाठी खर्ची घालतो तो त्या दुसऱ्या प्रकारच्या कागदावर.

पीडीएफचा प्रश्न लेखात चोरीच्या भीतीने मांडला आहे. एप्रिल २००९ मध्ये विझार्ड्सने याच कारणासाठी आपल्या सर्व पीडीएफ विक्रीतून काढल्या होत्या. जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ २०१३ साली पुन्हा विकायला आणल्या. त्याच २००९ मध्ये पायझोने ५० डॉलरच्या ग्रंथाची पीडीएफ १० डॉलरला ठेवली आणि नियमांचा मजकूर वेबवर मोफत वाचायला दिला. सूत्रधार आधी पीडीएफ चाळतो, दोन डाव खेळतो आणि खेळ आवडला की टेबलावर ठेवायला छापील प्रत घेतो, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे.

लोकवर्गणीतून, म्हणजे क्राउडफंडिंगमधून, पैसा उभारण्याबद्दल मी थोडेच लिहितो. २०२१ साली ‘अवतार लेजेंड्स’ या खेळाला किकस्टार्टरवर ८१ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ९५ लाख डॉलर दिले, हे उदाहरण नव्या माणसाच्या डोळ्यांपुढे चमकत राहते. त्या खेळामागे जगभर माहीत असलेली मालिका होती. अनोळखी खेळाच्या प्रकाशकाने आधी पैसा मागून मग पुस्तक लिहायला बसू नये. मजकूर पूर्ण, चाचणी झालेला आणि पाने लावलेली असावीत आणि लोकांकडून फक्त छपाईचा व टपालाचा खर्च उभा करावा. फासे, नकाशे, सूत्रधाराने समोर उभे करायचे पुठ्ठ्याचे पडदे आणि कापडी पिशव्या यांची आश्वासने वाढत गेली की प्रत्येक वस्तूबरोबर पार्सलचे वजन वाढते, आणि टपालाचा दर हिशेब केला त्या दिवशीचा आणि पाठवण्याच्या दिवशीचा कधीच एक नसतो. दुकानांतून विकायचे तर वितरक व दुकानदार यांचा वाटा वजा जाता छापील किमतीच्या निम्म्याहून कमी रक्कम हाती येते, हा हिशेब किंमत ठरवण्याआधी करावा. मागणीनुसार एकेक प्रत छापून देण्याची सोय महाग पडते, कागदही तेवढा चांगला मिळत नाही. तरी पहिल्या वर्षी मी तीच निवडेन, कारण पुस्तकातल्या चुका पहिल्या वर्षीच सापडतात आणि गोदामात ठेवलेल्या प्रती दुरुस्त करता येत नाहीत.

आमच्या खेळाची नवी पुस्तिका ४८ पानांची आहे, तीन फॉर्मची. पहिल्या सोळा पानांत नियम आहेत, त्यानंतर एकाच संध्याकाळी संपणारे एक साहस, त्यानंतर आम्ही खेळलेल्या त्याच साहसाचा संवादरूप वृत्तांत आणि शेवटी कापून घेण्यासाठी पाच तयार पात्रे. राजघराण्यांच्या वंशावळी वगळल्या आहेत आणि फासे सहा बाजूंचेच लागतात. पीडीएफ मोफत आहे. परवाना आतल्या पहिल्या पानावर चार ओळींत छापला आहे आणि त्यात ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द आहे. साहसाच्या सुरुवातीला, एका चौकटीत, सूत्रधाराने मोठ्याने वाचायचे पहिले वाक्य दिले आहे : ‘‘पाऊस तीन दिवस थांबलेला नाही, आणि ज्या पुलावरून तुम्ही आलात तो आत्ताच वाहून गेला, आता सांगा, अंधार पडायच्या आत तुम्ही काय करता?’’ पुस्तिका निघाल्यावर त्या पत्रलेखकाला पहिली प्रत आम्ही पाठवली. महिन्याभराने त्याचे उत्तर आले, त्यात चार पात्रांची नावे होती आणि बुरुजातल्या दुसऱ्या लुटारूचे पुढे काय झाले, असा प्रश्न होता.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा नव्या प्रकाशकांना किती पाने आणि किती पुस्तके असे विचारण्याआधी, तुमचे पुस्तक हाती घेतलेल्या अनोळखी माणसाने किती दिवसांत डाव मांडला, हे विचारावे, एवढीच विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक आणि गेली अनेक वर्षे डाव चालवणारा सूत्रधार